तुंबे

डांबर संपतं तिथे साबुकंदाचे काप वाळत घातलेत,
अर्धा रस्ता त्यांचा, अर्धा आमच्या होंडाचा.
पुढे रस्ताच नाही.
दुभाषा गाडीपाशी बसून राहिला.
त्याचे बूट नवे होते
आणि जळवांचा त्याला भारी तिटकारा.
मग उरलो मी आणि ई ब्लेंग,
तिच्या पाठीवर वेताची करंडी,
करंडीत भोपळ्याचे चार तुंबे,
तोंडाला केळीच्या पानाची बुचं.

कोन्तुमच्या वरचे हे डोंगर
मी महिनाभर नकाशावर बोटाने चढत होते.
बोटाला दम लागत नाही.
इथे साठीची बाई चपला हातात घेऊन पुढे चाललेली
आणि मागे मी, प्रत्येक मुळाला लोटांगण घालत.
मध्येच थांबली. माझी पोटरी धरली.
चिलमीच्या नळीतलं काळं कीट काडीने उकरलं,
टेकवलं. जळू गळून पडली.
तिने चिलीम परत पेटवली, जणू काही झालंच नाही.
माझं रक्त मात्र बराच वेळ
तिच्याशी बोलत राहिलं.

आवाज आधी येईल असं वाटलं होतं.
आधी आला गारवा.
मग दगडांवर शेवाळ जाड झालं.
मग लक्षात आलं,
आपण केव्हापासून ओरडूनच बोलतोय.

कंपनीच्या तक्त्यात उंची बेचाळीस मीटर.
मला उंची दिसलीच नाही.
पडता पडता मध्येच विचार बदललेलं पाणी दिसलं,
वाऱ्यावर आडवं जाणारं,
खाली कधीच न पोचणारं.

कामाला लागले. संत्रं सोललं,
साल प्रवाहात सोडली, घड्याळ दाबलं.
दहा मीटर, अकरा सेकंद.
परत. परत.
साल माझी, संत्रं तिचं.
बिया तिने तळहातावर मोजल्या आणि कनवटीला लावल्या.

पुढचा रकाना:
या पाण्यावर अवलंबून असलेली कुटुंबे.
तो कार्यालयातच कुणीतरी भरून दिला होता.
शून्य.
आमच्याकडे शून्याला भोपळा म्हणतात.
हे तिला कुठल्या भाषेत सांगणार?
ती तर भोपळेच धूत होती.

पहिला काठोकाठ भरला, बूच दाबलं.
दुसऱ्यात ओंजळभर पाणी,
खळाखळा हलवलं, ओतून दिलं.
तिसऱ्यात तसंच.
चौथ्यातही तसंच, जरा जास्त वेळ.
मी नुसत्या भुवया उंचावल्या.

तिने दुसऱ्यावर टिचकी मारली: आ थिउ. बिन्ह झुओंग.
तिसऱ्यावर: ई न्हेक. बिन्ह झुओंग.
आणि दोन्ही हातांनी
हवेत कापड पुढे सरकवून दाखवलं,
सुईखालून, सरळ,
सरकवत, सरकवत,
थांबेचना.
मग तुंबा उन्हात धरून नखाने दाखवली
केसाएवढी भेग.
कोरडा राहिला की तडकतो.

तिच्या घराच्या पायरीशी नळ आहे,
येताना मी पाहिला होता.
निळा पाइप, सरकारी तोटी, चांगली धार.

चौथ्यावर तिने टिचकी मारली नाही.

पेन्सिलीने मी शून्य खोडलं.
पण त्या जागी काय लिहायचं?
एक?
चार?
तुषारांनी कागद मऊ पडला होता,
आकडा उमटला असता की नाही कोण जाणे.

उतरताना तिने चौथा तुंबा
दोरीने माझ्या खांद्यावर अडकवला.
करंडीत जागा होती.
मी काही विचारलं नाही,
विचारण्याएवढे शब्दही आमच्यात नव्हते.
वाटभर तो पाठीवर हलके आपटत राहिला,
आतून पोकळ वाजत, टिपकत.
दुभाषा म्हणाला, किती वेळ लावलात,
साबुकंद उचलला पण लोकांनी.

रात्री लॉजवर शर्ट खिळ्याला टांगला.
पाठीवर ओला गोल होता, ताटलीएवढा.
सकाळपर्यंत सुकला.
कडा राहिली.